कुंपणावरची मधुमालती आणि काकूंची बाटली

आमच्या गल्लीत पाणीकपात, कचऱ्याची गाडी आणि कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय हे विषय बारमाही. सध्या या सगळ्यांना मागे सारून एक गुलाबी बाटली पुढे आली आहे. शेजारच्या काकूंची लेक दुबईहून आली, तिने आणलेली. इटलीच्या गुच्ची कंपनीचं 'ब्लूम'. चौकोनी बाटली, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीसारखी, आरपार काही दिसत नाही. आत किती उरलंय ते कळावं म्हणून काकू रोज सकाळी ती कानाशी धरून हलवतात.

काकूंना सेंट स्वतःला लावण्यापेक्षा दुसऱ्याला लावण्यात जास्त रस. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे, तिच्यावर माझी मधुमालती पसरली आहे, आणि भिंतीपाशी जो कुणी थांबेल त्याचं मनगट काकूंच्या हाती सापडतं. कुरिअरवाला तेवढा सुटतो, कारण तो फाटकाबाहेरूनच पाकीट भिरकावतो.

"ये गं, हात पुढे कर."

फुस्स.

"आता सांग."

"छान आहे काकू. गोड आहे."

"गोड तर सगळ्याच म्हणतात. गोड म्हणजे कसं? मोगऱ्याचं गोड, की पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टांगलेल्या वडीचं?"

मी परत हुंगलं. आधी स्पिरिटचा झटका, तो लगेच उडाला. मग हिरवट, नुकतं खुडल्यासारखं काहीतरी, देठाचं. आणि त्याच्यामागून आला तो सरळ सरळ निशिगंध.

"काकू, ही तर गुलछडी."

"तेच म्हणते मी! पण लेक म्हणते, आई, गुलछडी काय, हे व्हाइट फ्लोरल आहे." व्याह्यांच्या नात्यागोत्यातली नावं काकू ज्या सुरात घेतात, त्याच सुरात त्यांनी हे दोन शब्द उच्चारले.

लेकीला यात गुलछडी लागतच नाही. तिला धुतलेल्या चादरीचा, चांगल्या साबणाचा वास येतो. ऑफिसात एसीमध्ये बसते, सकाळी दोन फवारे मारते, संध्याकाळपर्यंत ओढणीला वास असतो आणि कुणाची तक्रार नाही, एवढं तिला पुरतं. तिच्या लहानपणी घरात फुलं प्लास्टिकच्या पुडीत यायची, त्यामुळे नाकाला आठवायला फार काही नाही, असं काकूंचं म्हणणं. मला ते थोडं पटलं.

समोरच्या आजींचं मत मात्र गल्लीभर गाजलं. आजींना दिसतं कमी, पण नाक तिखट. काकू त्यांच्या ओट्यावर जाऊन टेकल्या न टेकल्या तोच आजींनी मान वर केली आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

"एवढा महागाचा सेंट, आणि ह्या म्हणतात कोण गेलं!" हे काकूंनी मला भिंतीवरून पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी आजींची बाजू घेतली, म्हणून दोन दिवस कोथिंबीर मिळाली नाही. पण आजींचं चुकलं कुठे? निशिगंध आपल्याकडे दोन्ही घरचा पाहुणा. नवरानवरीच्या गळ्यात तोच, आणि तिरडीवरही तोच. पुढाऱ्याच्या सत्काराला तोच, आणि चौथ्या दिवशी फोटोलाही तोच. आजींच्या वयाच्या माणसाला लग्नाची आमंत्रणं कमी येतात आणि दहाव्याचे निरोप जास्त. त्यांच्या नाकाने जवळची आठवण काढली.

काकूंची आठवण वेगळी आहे. त्यांचं लग्न सांगलीला झालं. कार्यालयातून घरी आल्यावर दोघांचे हार खोलीतल्या खुंटीला टांगले होते आणि रात्रभर खोली घमघमत होती. "हा मारला ना, की मला तीच खोली..." एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझ्या मधुमालतीचं एक पान उगीचच तोडलं. एरवी पान तोडलेलं मला चालत नाही. त्या दिवशी बोलले नाही.

काकांचा अभिप्राय सगळ्यात आखूड. पेपरमागून डोकंही न काढता ते म्हणाले, "गुडघ्याला काय चोळलंस?"

यावरून त्या घरात जे झालं ते भिंतीपलीकडे पूर्ण ऐकू आलं, पण ते इथे सांगण्याचं कारण नाही. सांगायचं ते पुढचं. माझी भाची मुलुंडच्या वझे कॉलेजात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा अभ्यासक्रम करून आता याच धंद्यात लागली आहे. ती रविवारी आली, तर चहा उकळायच्या आत काकू भिंतीपाशी बाटली घेऊन हजर. भाचीने कागदाच्या पट्टीवर एक, मनगटावर एक असे फवारे घेतले आणि काकांचं म्हणणं ऐकून हसत सुटली.

"काका बरोबर आहेत. निशिगंधाच्या वासात मिथाइल सॅलिसिलेट असतं. दुखऱ्या गुडघ्याच्या मलमात जो झणका येतो ना, तो त्याचाच. फुलात अगदी थोडं, पण ज्याचं नाक तिकडे जातं त्याला पहिलं तेच लागतं."

काकूंनी खिडकीकडे बघून मोठ्याने विचारलं, "ऐकलंत का?" आतून उत्तर आलं नाही. बरोबर ठरलेला नवरा सहसा बोलत नाही.

"आणि कोपऱ्यावरच्या बाईंचं डोकं का चढलं गं?" काकूंचा पुढचा प्रश्न. कोपऱ्यावरच्या बाई म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांनी मनगट धुतलं तरी वास गेला नाही, म्हणाल्या, कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या जवळचं काहीतरी आहे यात.

भाची म्हणाली, तेही खरं. मोगरा, जाई, निशिगंध असल्या पांढऱ्या रात्रीच्या फुलांत इंडोल नावाचा पदार्थ असतो. तो जास्त झाला की डांबरगोळीच्या, अगदी स्पष्ट बोलायचं तर मोरीच्या अंगाने जातो. थोडा असेल तर त्याच्यामुळेच फूल जिवंत वाटतं. तो काढून टाकला तर उरतं ते नुसतं गोड सरबत. बाकी जो लोण्यासारखा, खोबऱ्यासारखा स्निग्धपणा लागतो तो लॅक्टोन नावाच्या पदार्थांचा. म्हणजे एकाच फुलात मलम, डांबरगोळी आणि खोबरं. ज्याच्या नाकाला जे लागेल ते.

"बघ, मला खोबरं लागलं," काकू म्हणाल्या. त्यांच्यावर ते शोभतंही.

मग बाटलीची कुंडली निघाली. हा सेंट २०१७ साली आला. गुच्चीचे तेव्हाचे डिझाइनर आलेसांद्रो मिकेले यांना फुलांनी गच्च भरलेल्या बागेचा वास हवा होता, आणि तो जुळवला अल्बेर्तो मोरियास यांनी. हे गृहस्थ मूळचे स्पेनमधल्या सेव्हिल्याचे. १९९४ सालचा 'सीके वन' त्यांनी दुसऱ्या एकाबरोबर मिळून केलेला, तो आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांनीही पुष्कळ मारला. २००० सालचा 'फ्लॉवर बाय केंझो' हाही त्यांचाच, आणि त्याची गंमत अशी की बाटलीवर जे लाल पॉपीचं फूल आहे, त्या फुलाला वासच नसतो.

"वास नसलेल्या फुलाचा सेंट?" काकू भिंतीवर रेलल्या. "मग हा माणूस साधासुधा नाही हो."

"आणि 'ब्लूम'मध्ये तीन फुलं आहेत असं सांगतात," भाची पुढे म्हणाली. "निशिगंध, जाईच्या कळ्यांचा अर्क, आणि रंगून क्रीपर."

"हे तिसरं काय?"

भाचीने बोट दाखवलं. काकूंच्या कोपराखालीच ती होती.

"ही? ही मधुमालती?"

आता इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या मधुमालतीवरून काकूंची आणि माझी बरीच वर्षं कुरबुर आहे. तिची फुलं त्यांच्या अंगणात पडतात, त्यांना ती रोज झाडावी लागतात, फांद्या त्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेला विळखा घालतात. 'तुमची बाई आमच्याकडे आली' असं त्या म्हणाल्या की मी कात्री घेऊन जाते. पण त्या रविवारी काकूंनी एक घोस हातात घेतला, बाटलीकडे पाहिलं, पुन्हा घोसाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी रोज हा सेंट केराच्या टोपलीत टाकते?"

कात्री तेव्हापासून मागितलेली नाही.

मला मात्र खातरजमा करायची होती. मधुमालतीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. त्या पहिल्या संध्याकाळचा वास सगळ्यात जास्त, कारण तो रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी असतो. लाल झालेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या आणि पक्षी येतात. दिवे लागायच्या वेळेला मी पांढरी फुलं एका हातात घेतली, दुसऱ्या मनगटावर काकूंनी फवारा मारला, आणि दोन्ही आलटून पालटून हुंगलं. वेलीचा वास हलका, थोडासा फळाचा, वाऱ्याबरोबर येणारा आणि जाणारा. बाटलीत तो सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. एक पुसटसा मधाळपणा आहे, तो तिचा असेल तर असेल. तिथे बोलतो तो निशिगंधच. जाहिरातीत मधुमालतीचं नाव मोठं आहे, नाकात नाही.

"सांगू नकोस कुणाला," काकू म्हणाल्या.

निशिगंध एवढा जोरकस का, तर खुडल्यावरही ते फूल कित्येक तास वास तयार करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावात पूर्वी काचेच्या चौकटीवर चरबी थापत, तिच्यावर ही फुलं मांडत, शिळी काढून ताजी ठेवत आणि चरबीत वास मुरला की तो अल्कोहोलने उतरवून घेत. आता द्रावकात बुडवून काढतात. हजार किलो फुलांमागे मेणासारखा ऐवज निघतो साधारण किलोभर, आणि त्याच्यातून शुद्ध अर्क त्याहूनही कमी. एकेरी पाकळ्यांच्या जातीला वास जास्त, म्हणून अर्कासाठी आणि हारासाठी ती. दुहेरीची दांडी फुलदाणीत मिरवते. मूळचं हे फूल मेक्सिकोचं, पण जगभरच्या अत्तरवाल्यांकडे जाणारा त्याचा अर्क आता मोठ्या प्रमाणावर आपल्या दक्षिणेतून, तमिळनाडू-कर्नाटकातून जातो. हे ऐकून काकूंना एकदम ती बाटली घरचीच वाटू लागली. किंमत मात्र परकी. मोठी बाटली दहा हजारांच्या वर जाते हे लेकीने इतके दिवस लपवलं होतं. भाचीने ते सहज सांगून टाकलं आणि काकूंनी बाटली हलवायचं थांबवलं.

मागच्या बंगल्यातली कॉलेजकन्या आली तेव्हा वेगळीच मजा. तिने मनगट हुंगून नाक मुरडलं. "काकू, छान आहे, पण जरा आंटी टाइप आहे."

"मग मी कोण आहे?"

तिचा स्वतःचा सेंट असा की ती गल्लीच्या तोंडाशी आली की जत्रा आल्यासारखं वाटतं. साखर, व्हॅनिला, करपायच्या बेतात आलेला पाक. भाची म्हणते, ही तऱ्हा 'एंजेल'पासून सुरू झाली. तो १९९२ साली आला, आणि त्यातल्या एथिल माल्टॉलमुळे त्याला म्हातारीच्या केसांचा वास येतो. २०१२ सालचा 'ला व्ही ए बेल' त्याच वळणाचा. मुलींना सध्या गोड म्हणजे हेच हवं असतं, मिठाईच्या दुकानातलं. काकूंना गोड म्हणजे फुलातलं. दोघी एकमेकींच्या मनगटांवर नाकं टेकवून उभ्या होत्या आणि दोघींनाही वाटत होतं, समोरचीला काही कळत नाही. काकूंनी शेवटी टोला हाणलाच. "अंगाला म्हातारीचे केस फासून फिरतेस, आणि आंटी मला म्हणतेस!"

मला यात काकूंची बाजू बरोबर वाटते. मिठाईचा वास पहिल्या दहा मिनिटांत सगळं सांगून टाकतो. फुलाचा बदलत राहतो. 'ब्लूम' तासाभराने हिरवटपणा सोडतो, मग बराच वेळ लोण्यासारखा गुळगुळीत राहतो आणि शेवटी कपड्याला जे उरतं ते पावडरच्या जवळचं, थोडं साबणी. तो शेवट मला आवडत नाही. एवढं दाखवून झाल्यावर इतकी साधी पावडर? पण लेकीला नेमकी तीच आवडते.

सगळ्यात खरा अभिप्राय मिळाला तो मंडईजवळ हार विकणाऱ्या मावशींचा. काकूंनी त्यांनाही सोडलं नाही. मावशींच्या ओच्यात दिवसभर गुलछडी असते, त्यामुळे त्यांना तिचा वास येतच नाही असं आम्ही समजत होतो. त्यांनी काकूंचं मनगट धरलं, सुया-दोरा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "फूल खरंय ताई. देठासकट आहे. पण हे रातचं फूल, तुम्ही सकाळी लावून निघाला होय?"

यात सगळं आलं. निशिगंधाचा वास रात्री खुलतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि काकूंनी सकाळी लावला म्हणूनच तर भिशीचा प्रकार घडला.

भिशी होती कोथरूडला, मे महिना, दुपारचे बारा. आम्ही पाच जणी एका गाडीत. काकूंनी निघताना मारला, मग वास येत नाही म्हणून परत मारला, गाडीत बसताना पुन्हा. आपण लावलेला वास थोड्या वेळाने आपल्यालाच येईनासा होतो, नाक त्याची सवय करून घेतं. बाजूच्याला मात्र तो पूर्ण ताकदीने येत असतो. हे काकूंना माहीत नव्हतं. त्यातून ऊन. अंग तापलं की सेंट भराभर उडतो. कर्वे रोडच्या सिग्नलला कोपऱ्यावरच्या बाईंनी एसी चालू असताना काच खाली केली, आणि बाहेरच्या रिक्षावाल्याने मान वळवून आत पाहिलं. कुणी काही बोललं नाही. भिशीत काकूंच्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी राहिली, आणि काकूंना वाटलं, आपलं वजन वाढलंय म्हणून सगळ्या जागा सोडून बसल्यात.

हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. भिंत माझी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"काकू, एकच फवारा. तोही संध्याकाळी."

"एकात काय होतं गं?"

"आजींना कळेल एवढं होतं."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाईंनी काच त्याच्यासाठी खाली केली होती का?" मी मधुमालतीची वाळकी पानं काढायला लागले.

तर मैत्रिणींनो, माझं मत विचाराल तर बाटली चांगली आहे. निशिगंध आवडत असेल, तर परदेशी सेंटमध्ये तो इतका ओळखीचा क्वचित सापडतो. आवडत नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका, कारण दुसरं हिच्यात फारसं काही नाही. जाहिरात वाचून किंवा कागदाची पट्टी हुंगून पैसे देऊ नका. दुकानात मनगटावर मारून घ्या, बाहेर पडा, बाजारहाट करा, आणि दोन-तीन तासांनी जे अंगावर उरलं असेल ते आवडलं तरच परत जा. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी तशीच गुलाबी बाटली मागच्या गल्लीतल्या वहिनींनी घेतली. दहा मिनिटं गुलछडी आणि पुढे दिवसभर नुसतं स्पिरिट. पैठणीवर थेट फवारू नका, डाग पडतो. लावायचा तो दागिने घालायच्या आधी लावा, वाळू द्या. मोत्यांच्या सरावर तर चुकूनही उडू देऊ नका, सेंटमधल्या अल्कोहोलने मोत्याची झळाळी जाते आणि ती परत येत नाही.